दहा विहिरींत चार ग्रॅम

प्रोस्टेटच्या कर्करोगाची चाहूल घेणारी पीएसए तपासणी काय मोजते, ते आधी पाहू. रिपोर्टवर आकडा येतो ४. पुढे बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर. नजर तिथून घसरून पुढे जाते. आज ती घसरू द्यायची नाही. नॅनोग्रॅम म्हणजे एका ग्रॅमचा शंभर कोटीवा भाग. पीएसए नावाच्या प्रथिनाचे असे फक्त चार, रक्ताच्या एका मिलिलिटरमध्ये.

डोळ्यांसमोर येत नाही ना? मग विहीर घेऊ. सोळा फूट रुंदीची गोल विहीर, आत अठरा फूट पाणी. साधारण एक लाख लिटर. अशा दहा विहिरी काठोकाठ भरा. दहा लाख लिटर पाणी झालं, दहा हजार लिटरचे शंभर टँकर! आता या दहा विहिरींत मिळून चार ग्रॅम साखर टाका. एक चमचा, तोही शिगेचा नाही. परळच्या प्रयोगशाळेतलं यंत्र दहा विहिरींतली ही एक चमचा साखर अचूक ओळखतं. प्रोस्टेट काढण्याच्या ऑपरेशननंतर तर त्याला याहून बारीक काम असतं. तेव्हा ०.२ हा आकडासुद्धा डॉक्टरांना सावध करतो. चमच्याचा विसावा भाग! दहा विहिरी आणि एक चिमूट, तरी यंत्र म्हणतं, सापडली.

इतक्या लवकर शोधायची गरज काय? पेशींची मोजणी करून बघा. एक पेशी बिघडते. एकीच्या दोन, दोनांच्या चार, चारांच्या आठ. तीस वेळा दुप्पट झालं की १०७ कोटी. एवढ्या पेशींची गाठ केवढी? जेमतेम एक घन सेंटिमीटर, वजन एक ग्रॅमच्या आसपास. सेकंदाला एक या वेगानं त्या पेशी मोजायला बसलात, न जेवता, न झोपता, तर जवळपास ३४ वर्षं लागतील. तिशीत नोकरीला लागलेला माणूस निवृत्त होऊन घरी बसेल, तरी मोजणी चालूच! आणि आणखी फक्त दहा दुपटी झाल्या, तर त्या एका ग्रॅमचा एक किलो होतो. पहिल्या तीस दुपटी बहुतेक वेळा मुकाट्यानं होतात. दुखत नाही, खुपत नाही. म्हणूनच दहा विहिरींतल्या त्या चमच्याला एवढं मोल आहे.

आता माणसं मोजू. मुंबईकरांचं माप एकच, लोकल. बारा डब्यांची लोकल संध्याकाळी खच्चून भरली की पाच हजार माणसं धरू. २०२२ साली जगभरात प्रोस्टेटच्या कर्करोगाचे नवे रुग्ण होते सुमारे १४ लाख ६७ हजार. म्हणजे २९३ लोकल. प्रत्येक लोकल साधारण २६० मीटर लांब. सीएसएमटीपासून या गाड्या एकीला एक लावत निघा. परळ गेलं, दादर गेलं, ठाणे गेलं, कल्याण गेलं, बदलापूर मागे पडलं, तेव्हा कुठे शेपूट येतं. ७६ किलोमीटर! ही फक्त एका वर्षाची रांग.

‘लॅन्सेट’च्या आयोगानं २०२४ मध्ये पुढचा हिशेब मांडला. २०४० साली हे रुग्ण वर्षाला २९ लाख होतील. म्हणजे ५८० लोकल, १५१ किलोमीटर. आजची रांग बदलापूरच्या पुढे थांबते. २०४० ची रांग कर्जत, खंडाळा, लोणावळा मागे टाकून पार मावळात शिरते, पुणं अगदी हाकेवर येतं. वेळेच्या भाषेत सांगायचं, तर आज दर साडेएकवीस सेकंदांना जगात एका पुरुषाला हे निदान ऐकावं लागतं. दादरला लोकल थांबते तेवढ्यात एक. २०४० मध्ये तेवढ्यातच दोन.

आणि आपल्या देशात? २०२२ साली सुमारे ३८ हजार नवे रुग्ण. साडेसात लोकल, दर चौदा मिनिटांना एक. दादरहून फास्ट लोकल पकडून सीएसएमटीला उतरेपर्यंत देशात आणखी एका घरात ही बातमी पोहोचलेली असते.

या आकड्यांशी झुंजणारा रस्ता परळमध्येच आहे. टाटा मेमोरियल हॉस्पिटल २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू झालं, तेव्हा खाटा होत्या ८०. त्याच १९४१ मध्ये तिकडे शिकागोत चार्ल्स हगिन्स यांनी दाखवून दिलं, की पुरुष संप्रेरक रोखलं तर प्रोस्टेटचा कर्करोग मागे हटतो. हगिन्स यांना नोबेल मिळालं १९६६ साली, आणि त्याच १९६६ मध्ये हॉस्पिटल व संशोधन संस्था एकत्र येऊन टाटा मेमोरियल सेंटर झालं. १९६३ साली परळमध्येच इंडियन कॅन्सर सोसायटीनं मुंबईची कर्करोग नोंदणी सुरू केली. लोकसंख्येवर आधारलेली देशातली ती पहिली नोंदणी. हॉस्पिटलं पालथी घालून एकेक रुग्ण वहीत आणणाऱ्या या माणसांमुळेच मुंबईत प्रोस्टेटचा कर्करोग वाढतो आहे हे आपल्याला कळलं. आज टाटामध्ये वर्षाला ६५ हजारांच्या आसपास नवे रुग्ण येतात. तेरा लोकल भरून! आणि या गर्दीत बसून परळ एक विलक्षण काम करत आहे. प्रचंड आकडे घ्यायचे आणि ते लहान करायचे.

सुरुवात किरणोपचारापासून करू. लिनॅक नावाच्या मशीनमध्ये इलेक्ट्रॉन पळतात, प्रकाशाच्या वेगाच्या ९९ टक्क्यांहून जास्त वेगानं. मुंबई-पुणे रस्ता दीडशे किलोमीटरचा. या वेगानं तो एका सेकंदात जवळपास दोन हजार वेळा पार होतो. एक्स्प्रेस-वेवरचा एक टोलनाका ओलांडायला आपल्याला किती सेकंद लागतात, आठवून पाहा! आणि हा सगळा वेग मशीनमधल्या एका आखूड नळीत गाठला जातो. हे इलेक्ट्रॉन धातूवर आदळतात, त्यातून एक्स-रे निघतात, आणि ते रुग्णाच्या ग्रंथीवर नेम धरून सोडले जातात.

एवढा वेग आहे म्हणजे आत केवढी आग उतरत असेल, असं वाटेल. हिशेब बघा. परळमध्ये प्रोस्टेटला दिला जाणारा एक पूर्ण डोस ६८ ग्रे. ग्रे म्हणजे किलोमागे एक ज्यूल. ग्रंथी ४० ग्रॅमची धरली, तर पंचवीस दिवसांत मिळून तिच्यात ऊर्जा उतरते अवघी पावणेतीन ज्यूल. ग्रंथीचं तापमान वाढतं एका अंशाच्या साठाव्या भागाइतकं! आणि एक कप चहाचं पाणी उकळायला लागतात सुमारे ४४ हजार ज्यूल. तुमच्या एका कपाच्या उष्णतेत सोळा हजार माणसांच्या ग्रंथींचा पूर्ण डोस बसतो. साठावा अंश आणि गाठ नाहीशी! ताकद उष्णतेची नाही, नेमाची आहे. पेशीतला डीएनए तोडायला तेवढं पुरतं.

नेम कुठे धरायचा, हा प्रश्न परळनंच सोडवायला घेतला. जास्त धोक्याच्या रुग्णांत फक्त प्रोस्टेटवर किरण द्यायचे, की कटिभागातल्या लसिकाग्रंथींवरही? डॉ. वेदांग मूर्ती आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २२४ पुरुषांवर चाचणी केली. २२४ म्हणजे गर्दीच्या लोकलचा अर्धा डबा. २०२१ मध्ये निकाल छापून आला. फक्त प्रोस्टेटवर किरण दिले, तेव्हा पाच वर्षांनी शंभरातल्या ८१ जणांचा रोग आटोक्यात होता. लसिकाग्रंथींवरही दिले, तेव्हा ९५ जणांचा. शंभरामागे चौदा माणसं! परळच्या अर्ध्या डब्यानं जगभरच्या डॉक्टरांना नेम नव्यानं तपासायला लावला.

मग प्रश्न आला पंचवीस फेऱ्यांचा. कल्याणहून परळला रोज जाऊन-येऊन ९२ किलोमीटर. पंचवीस दिवसांचे २,३०० किलोमीटर. रेल्वेनं मुंबई-पुणे बारा वेळा, आजारी शरीरानं, लोकलच्या धक्क्यात. तोच इलाज मोठ्या डोसच्या पाच फेऱ्यांत केला तर? ४६० किलोमीटर. ब्रिटन, आयर्लंड आणि कॅनडातल्या ८७४ पुरुषांच्या चाचणीनं २०२४ मध्ये दाखवलं, की कमी आणि मध्यम धोक्याच्या रोगात पाच फेऱ्या पुरतात. जास्त धोक्याच्या रोगातही पाच पुरतील का, हे तपासायला परळनं ४३४ पुरुषांची चाचणी आखली. एक भरलेला डबा! पाच फेऱ्यांत भागलं, तर कल्याणच्या एका रुग्णाचे १,८४० किलोमीटर वाचतात. अशा हजार रुग्णांचे १८ लाख ४० हजार. चंद्रावर जाऊन परत यायचं, असं दोनदा, तरी तीन लाख किलोमीटर शिल्लक!

आणि जे बिहार-बंगालमधून, विदर्भातून येतात, त्यांचं काय? दादरची गाडगे महाराज धर्मशाळा, परळची नाना पालकर स्मृती समिती, अशा ठिकाणी एकेका खाटेसाठी माणसं वाट पाहत असतात. पंचवीस फेऱ्या म्हणजे पाच आठवडे, ३५ रात्री. पाच फेऱ्या म्हणजे जास्तीत जास्त दहा. नवी वीट न रचता तीच एक खाट साडेतीन माणसांना पुरते!

रोग हाडांत पोहोचला असेल, तर आकडे आणखी वेडे होतात. लुटेशियम-१७७ नावाचं किरणोत्सारी द्रव्य प्रोस्टेटच्या पेशी हुडकणाऱ्या रेणूला जोडून शिरेतून देतात. नेहमीचा एक डोस ७.४ गिगाबेकरेल. म्हणजे सेकंदाला ७४० कोटी अणू फुटतात. एका सेकंदात! पृथ्वीवरच्या जवळजवळ प्रत्येक माणसामागे एक. सेकंदाला एक असे ते मोजायचे म्हटलं, तर २३४ वर्षं लागतील. सवाई माधवराव पेशव्यांच्या काळात बसलेला कारकून आत्ता कुठे मोजून उठला असता, आणि तेही फक्त पहिल्या सेकंदाचा हिशेब संपवून. या डोसातले लुटेशियम-१७७ चे अणू सहा अंत्य, म्हणजे सहावर पंधरा शून्यं. त्यांचं वजन? दोन मायक्रोग्रॅमसुद्धा नाही. साखरेच्या एका कणाचे शेकडो भाग केले, तर त्यातल्या एका भागाएवढं. २०२२ मध्ये हे औषध अमेरिकेत आलं, तेव्हा एका डोसाची किंमत होती ४२,५०० डॉलर. सहा डोसांचे सुमारे दोन कोटी रुपये, म्हणजे पाचशेच्या ४० हजार नोटा. आपल्याकडे मात्र तुर्भ्याची ध्रुव अणुभट्टी लुटेशियम बनवते. भाभा अणुसंशोधन केंद्राचं रेडिएशन मेडिसिन सेंटर १९६३ पासून परळमध्येच आहे, आणि हा इलाज तिथे कितीतरी कमी खर्चात होतो.

गोळ्यांचा आकडाही खाली आला. अबिरॅटेरोन हे पुरुष संप्रेरक रोखणारं औषध रिकाम्या पोटी घ्यायचं तर रोज २५० मिलिग्रॅमच्या चार गोळ्या. शिकागोतल्या डॉक्टरांच्या पुढाकारानं ७२ रुग्णांवर तपासून पाहिलं, की हलक्या न्याहारीबरोबर एकच गोळी जवळपास तेच काम करते. वर्षाला १,०९५ गोळ्या वाचल्या. दहा हजार रुग्णांच्या एक कोटी साडेनऊ लाख! हा बदल अर्थातच डॉक्टरांनी सांगितल्यावरच करायचा, मनानं नाही.

पंचवीसच्या पाच, चारची एक, दोन कोटींचे कितीतरी कमी. पण सर्वात मोठा आकडा लहान करायचं काम रुग्णालयाबाहेर होतं. रोग ग्रंथीच्या आतच सापडला, तर अमेरिकेतल्या नोंदींप्रमाणे पाच वर्षं पार करणारे जवळजवळ शंभरातले शंभर. दूरच्या हाडांत पोहोचल्यावर सापडला, तर चाळीसहून कमी. शंभर आणि चाळीस! या दोन आकड्यांमधलं अंतर कोणतंही मशीन कापू शकत नाही. ते अंतर कापते ती वेळ. आणि आपल्याकडे पुरुष वेळ घालवतात. लघवीचा त्रास वयाचा म्हणून सोडून देतात. लाजेनं बायकोशी बोलत नाहीत, मुलाशी बोलत नाहीत, डॉक्टरांशी तर नाहीच.

युरोपात १ लाख ६२ हजार पुरुषांचा तब्बल २३ वर्षं पाठपुरावा झाला. पीएसए तपासणीला बोलावलेल्या दर ४५६ जणांमागे एका माणसाचा या रोगानं होणारा मृत्यू टळला. तिथे रोगाचं प्रमाण आपल्याहून जास्त, आणि तपासणीमुळे निरुपद्रवी गाठीही हाती लागतात. म्हणून सरसकट सर्वांची तपासणी हे उत्तर नाही. विचारून, समजून, डॉक्टरांशी बोलून ठरवायची ती गोष्ट आहे. पण ४५६ या आकड्याकडे मुंबईकरानं नीट बघावं. पाच हजारांना बारानं भागा. एका भरलेल्या डब्यात चारशेवर माणसं.

म्हणजे युरोपच्या हिशेबानं जवळपास एका डब्यामागे एक माणूस. बारा डब्यांच्या लोकलमागे अकरा. दहा लोकलमागे शंभराहून जास्त. शंभर लोकलमागे हजाराहून जास्त बाप, आजोबा, काका, शेजारी! गिरगावापासून लालबागपर्यंत पन्नाशी ओलांडलेल्या प्रत्येकानं, आणि वडिलांना किंवा भावाला हा रोग झाला असेल तर पंचेचाळिशीतच, डॉक्टरांना एक प्रश्न विचारावा: मी तपासणी करावी का? प्रश्न विचारायला दहा सेकंदसुद्धा लागत नाहीत, आणि उत्तरात वर्षंच्या वर्षं मिळू शकतात.