नोकरी सांभाळून डोंगर धावताना

मालवण तालुक्यातल्या आमच्या बौद्धवाडीतून डांबरी रस्त्याला लागायचं तर जांभ्या दगडाची घाटी चढून सड्यावर यावं लागतं. आमच्या आया डोक्यावर हंडा घेऊन ही घाटी चढल्या. आजारी माणसाला खुर्चीत बसवून चौघांनी वर आणलेलं आम्ही लहानपणी पाहिलं आहे. आपल्या वाड्या गावाच्या टोकाला आणि आडनिड्या जागी का असतात, ते या मासिकाच्या वाचकांना वेगळं सांगायला नको. तीन वर्षांपूर्वी आम्ही सहाजणींनी त्याच घाटीवर धावायला सुरुवात केली तेव्हा वाडीतली एक आजी म्हणाली, "काय गो, धावान काय गावतला तुमका?"

प्रश्न रास्त होता. आमच्यातल्या दोघी काजू कारखान्यात जातात. एक आशाताई, एक अंगणवाडी मदतनीस, एक पर्यटकांच्या खानावळीत भाकऱ्या भाजते. सहावी, म्हणजे हे लिहिणारी, रुग्णालयातली नर्सिंगची नोकरी करून मग चळवळीच्या कामात आलेली. सगळ्यांची घरं, मुलं, सासूसासरे आहेत. मोकळा वेळ कोणाकडेच नव्हता आणि आजही नाही. तरी गेल्या हिवाळ्यात आमच्यापैकी पाचजणी पायथ्याच्या दाणोलीपासून आंबोलीपर्यंतचा घाट, काही धावत आणि काही चालत, चढून गेल्या. आंबोली समुद्रसपाटीपासून सुमारे ६९० मीटर उंच आहे. सहावी का आली नाही, ते पुढे येईल.

डोंगरावर धावणं हा जुना खेळ आहे. इंग्लंडच्या उत्तर भागात डोंगराला 'फेल' म्हणतात, आणि तिथे रस्ता सोडून थेट डोंगरावर चढण्याउतरण्याच्या शर्यती पिढ्यान्‌पिढ्या चालत आल्या आहेत. केसविक गावात पाहुण्यांसाठी घर चालवणाऱ्या बॉब ग्रॅहम यांनी १९३२ साली २४ तासांच्या आत ४२ शिखरं पायाखाली घातली. पुढे जॉस नेलर नावाच्या मेंढपाळ शेतकऱ्याने १९७५ साली तेवढ्याच वेळात ७२ शिखरं केली. हा माणूस दिवसभर मेंढ्यांमागे डोंगर तुडवायचा, कुंपणाच्या भिंती रचायचा, आणि तेच त्याच्या सरावाचा पाया होतं. २०२४ साली तो वारला. त्याच्याबद्दल वाचलं तेव्हा आम्हाला तो परका वाटला नाही.

आपल्याकडे साताऱ्यात २०१२ पासून अर्धमॅरेथॉन होते. शहरातून निघून यवतेश्वरचा घाट चढायचा आणि त्याच वाटेने उतरायचं, एकूण २१ किलोमीटर. पुण्याजवळ सिंहगड, राजगड आणि तोरणा जोडणारी डोंगरवाटांची शर्यत त्याहून कितीतरी खडतर आहे. आणि डोंगराळ गावातल्या साध्या घरातून काय घडू शकतं, ते बीडच्या आष्टी तालुक्यातल्या अविनाश साबळेने दाखवलं. लहानपणी शाळेसाठी रोज कित्येक किलोमीटर पायपीट करणारा हा मुलगा बारावीनंतर सैन्यात गेला, तोही महार रेजिमेंटमध्ये. १९४१ साली जिच्या उभारणीसाठी बाबासाहेबांनी पाठपुरावा केला, तीच ही रेजिमेंट. २०२२ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत त्याने ३००० मीटर अडथळ्यांच्या शर्यतीत रौप्य आणि २०२३ च्या आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक मिळवलं. अर्थात धावणं हेच त्याचं काम आहे. आपलं काम वेगळं आहे, म्हणून आपला सरावही वेगळा हवा. हे कळायला आम्हाला चार महिने लागले.

सुरुवातीला आम्ही पोलीस भरतीच्या पोरांकडे बघून शिकलो. भरतीत मुलांना १६०० आणि मुलींना ८०० मीटर धावायचं असतं, म्हणून ही पोरं सड्यावर रोज जीव तोडून धावतात. आम्हीही तसंच केलं. महिन्याभरात दोघींच्या पायाची नळी दुखायला लागली, एकीची टाच धरली, आणि सगळ्यांची चिडचिड वाढली. नळीवर बोट ठेवलं की एकाच जागी कळ येत असेल, तर हाडाला बारीक तडा गेलेला असू शकतो. अशा वेळी तेल चोळून पुन्हा धावू नका. धावणं थांबवा आणि डॉक्टरांना दाखवा. भरतीची तयारी करणाऱ्या आपल्या मुलामुलींना हे आवर्जून सांगा, कारण ती पोरं दुखणं लपवतात.

चूक अशी होती की आम्ही फक्त धावण्याचा हिशोब ठेवत होतो. शरीर सगळ्याचा हिशोब ठेवतं. आठ तास उभ्याने केलेली ड्युटी, घरभेटींसाठी आशाताईंनी तुडवलेल्या वाड्या, चुलीपुढची उठबस हे सगळं पायांच्या खात्यावर जमा होतं. म्हणून आता आमच्या वहीत दिवसाचं कामही लिहिलेलं असतं. लसीकरणाच्या दिवशी आशाताई धावत नाही, तो तिचा सरावाचाच दिवस धरतो.

आमचा आठवडा साधा आहे. दोन दिवस पहाटे अर्धा तास सपाटीवर, तेही इतकं सावकाश की शेजारणीशी पूर्ण वाक्यात बोलता आलं पाहिजे. बोलताना दम तुटला तर वेग जास्त झाला, हेच आमचं घड्याळ. एक दिवस घाटी: एक मिनिट जोरात वर, चालत खाली, असं आधी चार वेळा, महिन्या-दोन महिन्यांनी आठ वेळा. रविवारी लांबचा फेरा, दीड तासापासून सुरू करून हळूहळू वाढवलेला. बाकीचे तीन दिवस काही नाही. भात शिजेपर्यंत ओट्याला धरून टाचा वर उचलायच्या, पायरीवर चढउतार करायची, हे जमेल तेव्हा. कोणाला हे फारच कमी वाटेल. नव्याने धावणाऱ्या आणि दिवसभर राबणाऱ्या बाईला एवढं पुरतं, असा आमचा अनुभव आहे.

चढावर चालायची लाज बाळगू नका. मोठमोठ्या डोंगरशर्यतीत पुढचे धावणारेसुद्धा उभा चढ चालूनच जातात, कारण तिथे धावून वेग फारसा वाढत नाही आणि दम मात्र जातो. पाऊल लहान ठेवायचं, अंग किंचित पुढे, हात मांड्यांवर रेटून चढायचं. हंडा घेऊन चढणाऱ्या बायांचं पाऊल बघा, तेच योग्य पाऊल आहे.

खरी परीक्षा उताराची. उतरताना मांडीचे स्नायू ताणले जात असतानाच वजन तोलून धरतात, त्यामुळे त्यांच्या तंतूंना बारीक इजा होते. ते दुखणं लगेच कळत नाही, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जिना उतरताना रडवतं. पहिल्यांदा आमच्या एका मैत्रिणीला सोमवारी कारखान्यात शौचालयात बसता येईना. यावर उपाय उताराचाच आहे, पण थोडा थोडा. एकदा बेताने उतार धावला की पुढचे काही आठवडे स्नायू त्या इजेला बरंच तोंड देतात. गुडघा थोडा वाकलेला, पावलं लहान आणि भराभर, नजर चार-पाच पावलं पुढे. टाचेवर आपटत ब्रेक लावू नका. मोठ्या श्रमानंतर लघवी काळ्या चहासारखी झाली तर मात्र हे साधं दुखणं समजू नका. स्नायूंचा नाश होऊन मूत्रपिंडावर भार आल्याचं ते लक्षण असू शकतं. त्याच दिवशी रुग्णालय गाठा.

बाळंतपणं झालेल्या बायांसाठी एक गोष्ट, जी कोणी उघड बोलत नाही. उतारावर धावताना लघवीचे थेंब सुटतात. आमच्या सहापैकी चौघींना तो त्रास होता आणि प्रत्येकीला वाटत होतं की आपल्या एकटीलाच आहे. लघवी रोखताना जे स्नायू आवळतो ते पाच सेकंद आवळायचे, सोडायचे, असं दहा वेळा, दिवसातून तीनदा. हे बसल्या जागी, एसटीत किंवा पाकोळ्या सोलतानाही करता येतं. तीन महिन्यांत तिघींना फरक पडला. चौथीला आम्ही डॉक्टरांकडे पाठवलं, कारण तिचं अंग बाहेर येत होतं.

झोपेच्या बाबतीत आम्ही कडक आहोत. रात्रपाळी करून आल्यावर धावायचं नाही. नोकरीत असताना एकदा रात्रपाळी संपवून आम्ही तशाच घाटीवर गेलो, उतरताना डोळ्यापुढे क्षणभर अंधारी आली आणि हात मोडला. दीड महिना प्लास्टर, आणि त्यातले काही दिवस बिनपगारी. विनयपिटकात सोण नावाच्या भिक्खूची कथा आहे. चालून चालून त्याच्या तळव्यांतून रक्त आलं तेव्हा भगवान बुद्धांनी त्याला वीणेच्या तारेची आठवण करून दिली. तार फार ताणली तरी सूर लागत नाही, फार सैल सोडली तरी लागत नाही. विहारात ही कथा अनेकदा ऐकली होती. प्लास्टरमध्ये हात असताना ती नीट समजली.

आता सहाव्या मैत्रिणीबद्दल. काजू कारखान्यातली ही बाई आमच्यात सर्वात चिवट. पण चढावर तिला धाप लागायची, छातीत धडधडायचं, आणि ती म्हणायची, "मी आळशी झालंय." दाणोलीला जायच्या आधी सगळ्यांचं रक्त तपासून घेतलं तर तिचं हिमोग्लोबिन ८.४ निघालं. गरोदर नसलेल्या बाईचं ते किमान १२ हवं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रिया रक्तक्षयी निघाल्या, म्हणजे ती एकटी नव्हती. रक्तातला लोहाचा अंश प्राणवायू वाहून नेतो. तोच कमी असेल तर कितीही सराव करा, इंजिनाला तेल नाही आणि गाडी घाटात घातली असं होतं. तिला आम्ही थांबवलं. ती रडली, आमच्याशी पंधरा दिवस बोलली नाही. पाळीत जास्त रक्त जात होतं, त्यावर उपचार झाले. जंताची गोळी, डॉक्टरांनी लिहिलेल्या लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या. गोळी चहाबरोबर घेतली की लोह नीट शोषलं जात नाही. लिंबू पाण्याबरोबर घ्या आणि चहा तास-दोन तास लांब ठेवा. हिमोग्लोबिन वर आलं म्हणून गोळ्या लगेच बंद करू नका, शरीरातला साठा भरायला आणखी काही महिने लागतात.

म्हणून धावायला लागण्याआधी रक्त तपासा. वय चाळीसच्या पुढे असेल तर रक्तदाब आणि साखरही. उपकेंद्रात किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात हे होतं. धावताना छातीत दाब, चक्कर किंवा घरात कोणाचा तरुणपणी अचानक मृत्यू झालेला असेल तर आधी हृदयाची तपासणी, मग घाटी. आणि सराव वाढवल्यावर पाळी थांबली तर खाणं कमी पडतंय असं समजा.

खाण्यासाठी डबे विकत घ्यायची गरज नाही. निघण्याआधी थोडी उकड्या तांदळाची पेज आणि मीठ, परतल्यावर नाचणीची भाकरी, कुळथाची पिठी, बांगडा किंवा सुकट, अंडं. घरातला पुरुष आणि मुलं जेवल्यावर उरलेलं खाऊन कोणी डोंगर चढत नाही, हे घरातल्या सगळ्यांनी ऐकावं. आपल्या किनाऱ्यावर हवा दमट असते, घाम अंगावरून वाळत नाही, म्हणून अंग थंड होत नाही. सूर्य वर यायच्या आत परता. तासाभराच्या वरच्या फेरीला एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून न्या. नुसतं पाणी ढोसत राहिल्यानेही रक्तातलं मीठ कमी होऊन माणूस गुंगतो. कोणी उन्हात असंबद्ध बोलायला लागलं तर सावलीत घेऊन अंगावर पाणी ओता, वारा घाला आणि १०८ ला फोन करा.

अनवाणी धावू नका. साधे कॅनव्हासचे बूट चालतील, पण ते हवेतच. पावसाळ्यात जांभ्यावर शेवाळ धरतं, आणि साचलेल्या पाण्यातून, पायाच्या चिरेतून लेप्टोचे जंतू अंगात शिरतात. पाण्यातून आल्यानंतर काही दिवसांत ताप, पोटऱ्या दुखणं, डोळे लाल होणं दिसलं तर 'मी पाण्यात गेले होते' हे डॉक्टरांना आपणहून सांगा. दोडामार्ग, सावंतवाडीकडच्या जंगलवाटांवर गोचीड चावल्याने माकडतापाचा धोका आहे. तिकडच्या मैत्रिणींनी परतल्यावर अंग तपासावं. आणि आपल्या सड्यावर फुरसं आहे. वीतभर-हातभर लांबीचा हा साप दगडाखाली बसतो आणि रात्री, पहाटे बाहेर असतो. बॅटरी घेतल्याशिवाय आम्ही निघत नाही. चावलाच तर अंगठी, बांगड्या, पैंजण काढा, पाय हलू देऊ नका, आवळून बांधू नका, कापू नका, आणि मांत्रिकाकडे एक मिनिटही न घालवता सापाची लस असलेल्या रुग्णालयात न्या.

लोक बघतात, हसतात. पहिले दोन महिने आम्ही ओढण्या सावरत धावलो. आता मुख्य गावातल्याही दोन मुली येतात. एक सांगून ठेवतो: चढ आम्हाला आवडायला लागला म्हणून वाडीच्या रस्त्याची मागणी सोडलेली नाही. ग्रामसभेत ती दर वेळी मांडतो. रुग्णवाहिका दारात यायलाच हवी.

आजीने त्या दिवशी विचारलेल्या प्रश्नाला आम्ही अजून नीट उत्तर दिलेलं नाही. हल्ली तीच आम्हाला उठवते. सहाव्या मैत्रिणीचं हिमोग्लोबिन मागच्या महिन्यात ११.६ आलं. डॉक्टरांनी सध्या फक्त चालायची परवानगी दिली आहे. रविवारी पहाटे साडेपाचला विहाराच्या अंगणात ती सर्वात आधी येऊन उभी असते, हातात बॅटरी आणि मीठ-साखरेच्या पाण्याची बाटली घेऊन.