विकरांना बांधणारे बहुवारिक

विकरे अर्थात एन्झाइम रासायनिक क्रियांचा वेग वाढवतात आणि स्वतः मात्र खर्ची पडत नाहीत. तरीही कारखान्यात ती एकदाच वापरून वाया जात. कारण पाण्यात विरघळलेले विकर तयार मालातून परत मिळवणे जिकिरीचे असते.

जपानच्या तानाबे सेइयाकू कंपनीत इचिरो चिबाता व सहकाऱ्यांनी १९६९ मध्ये यावर तोडगा काढला. जिवाणू साखरेपासून डेक्स्ट्रान हे नैसर्गिक बहुवारिक बनवतात. त्याच्या कणांना धन विद्युतभार देऊन त्यांवर अमिनोॲसायलेज हे विकर जखडण्यात आले. या कणांनी भरलेल्या स्तंभातून अमिनो आम्लांच्या दोन्ही रूपांचे बंदिस्त मिश्रण सोडले, की शरीराला उपयुक्त रूप तेवढे मोकळे होते. विकर जागीच राहते. त्यामुळे उत्पादनखर्च सुमारे ४० टक्क्यांनी घटला. विकर क्षीण झाल्यावर त्याच कणांवर नवे चढवता येते.

मात्र विद्युतभाराची ही पकड सैल असते. द्रावणातील क्षार वाढल्यास विकर सुटून वाहून जाते. पक्क्या रासायनिक बंधाने ते टिकते, परंतु त्याचा आकार बिघडून कार्यक्षमता घटू शकते. समुद्रशैवालातील अल्जिनेट असो वा कोळंबीच्या कवचापासूनचे कायटोसान, आधार निवडताना हाच तोल साधावा लागतो.