शरीर हाक मारतं तेव्हा...

आमच्या अंगणात कुंडीत लाजाळूचं रोप आहे. शेजारची चिमुरडी शाळेतून आली की दप्तर टाकायच्या आधी त्याला बोट लावून जाते. पानं मिटली की खुदकन हसते. परवा तिने विचारलं, "काकू, त्याला कसं गं कळतं?"

मी पडले आर्ट्‌सवाली! मुलाचं विज्ञानाचं पुस्तक काढून बसले. लाजाळूच्या पानाच्या देठाशी एक फुगीर गाठ असते. स्पर्श झाला की तिथल्या काही पेशींमधलं पाणी झटकन बाहेर पडतं, त्या सैल पडतात आणि पान मिटतं. थोड्या वेळाने पाणी परत भरलं की पान उघडतं. झाडंसुद्धा अशी उत्तरं देतात, हे जगदीशचंद्र बोस यांनी शंभर वर्षांपूर्वीच नाजूक यंत्रं बनवून दाखवून दिलं होतं.

मैत्रिणींनो, आपल्या शरीरातही हेच चालू असतं. तापलेल्या तव्याला बोट लागलं तर 'आई गं' म्हणायच्या आत हात मागे येतो. कारण तो हुकूम मेंदूचा नसतो, पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूचा असतो. दुखल्याची बातमी मेंदूला नंतर पोचते.

ही झाली बाहेरची हाक. आतल्या हाकाही असतातच. उन्हात घाम जाऊन रक्त अवघं एक-दोन टक्क्यांनी दाट झालं तरी मेंदूला ते कळतं. तो मूत्रपिंडांना निरोप धाडतो, 'पाणी जपून वापरा', आणि आपल्याला तहान लागते. मूत्राशय भरू लागलं की तेही सांगतं. किती चोख व्यवस्था! पण आपण बायका या हाकांना ओ देतो का?

आमच्या बचत गटात एक भाजी विकणारी ताई आहे. आठवडी बाजाराच्या दिवशी पहाटे पाचला घर सोडते, परतते दिवेलागणीला. गेल्या उन्हाळ्यात तिला थंडी वाजून ताप आला, कंबर धरली, लघवीला आग होऊ लागली. डॉक्टरांनी तपासून सांगितलं, जंतुसंसर्ग मूत्रपिंडापर्यंत गेलाय. "दिवसभरात पाणी किती पिता?" या प्रश्नावर ती गप्पच. बाहेर आल्यावर मला म्हणाली, "ताई, पाणी प्यायलं की जावं लागतं. आन् जायचं कुठं? बाप्ये भिंतीकडं तोंड करून उभे राहत्यात. आमी काय करावं?"

मला उत्तर सुचलं नाही. कारण लग्नाकार्यात, एसटीच्या प्रवासात मीही तेच करते. तुम्हीही करत असाल. बाईची मूत्रनलिका जेमतेम चार सेंटिमीटरची, म्हणून जंतूंना आत शिरायला वाट जवळची. भरपूर पाणी प्यायलं आणि वेळेवर लघवीला गेलं, तर ते धुऊन निघतात. आपण पाणीही पीत नाही आणि रोखूनही धरतो. मग व्हायचं ते होतं.

लाजाळूची आणखी एक गंमत वाचली. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात मोनिका गॅग्लियानो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लाजाळूच्या कुंड्या थोड्या उंचीवरून पुन्हा पुन्हा खाली सोडल्या. आधी पानं मिटली. पण यातून इजा होत नाही म्हटल्यावर रोपांनी पानं मिटणं सोडून दिलं. म्हणजे रोपालाही सवय होते. फरक एवढाच, की ते निरुपद्रवी धक्क्याकडे दुर्लक्ष करतं आणि आपण इजा होत असतानाही सवय करून घेतो. वर त्याला 'सोशिकपणा' असं छान नाव देतो!

बाजारात बायकांसाठी स्वच्छतागृह नव्हतं का? होतं की. पण त्याला कुलूप! आम्ही बावीस जणींनी सह्यांचा अर्ज दिला. 'बघू' झालं, 'पाणी नाही' झालं. तीन महिन्यांत पाच खेपा घातल्या. शेवटी बाजाराच्या दिवशी ते उघडायचं ठरलं आणि किल्ली आमच्या गटाकडे आली. पाण्याचं पिंप भरून ठेवायला एक जण असते. मुंबईत २०११ पासून बायकांनी 'राइट टू पी' म्हणून याच हक्कासाठी आवाज उठवला. लाज बाजूला ठेवून बोललं की वाट निघते, हे आम्हीही शिकलो.

तेव्हा मैत्रिणींनो, तहान लागली की हातातलं काम ठेवून पाणी प्या. लघवी रोखू नका. जळजळ, ताप, कंबरदुखी असेल तर घरगुती उपायांत दिवस न घालवता डॉक्टरांकडे जा. आणि तुमच्या बाजारातल्या स्वच्छतागृहाला कुलूप असेल, तर किल्ली कोणाकडे आहे ते विचारा.

आमची भाजीवाली ताई आता बरी आहे. बाजारात गेले की मी आधी तिच्या टोपलीशेजारी बघते. पाण्याची बाटली असते, आणि दुपारपर्यंत ती रिकामी झालेली असते.