किचनचे बॉक्स डुलतात तेव्हा

नव्या किचनचे खालचे बॉक्स मांडून झाले, की हात लावताच ते डुलतात आणि घरातले सगळे पायांना नावं ठेवू लागतात. प्लॅस्टिकचे पाय, ग्रॅनाइटचं ओझं कसे पेलणार? खरं तर ओझं पेलणं त्यांना उत्तम जमतं. २० मिलिमीटर जाडीचा ग्रॅनाइट चौरस मीटरला साधारण ५४ किलो भरतो. आठ फूट लांब, दोन फूट रुंद ओटा म्हणजे ८० किलोच्या आसपास. बारा-सोळा पायांत वाटला, की एकेकाच्या वाट्याला फारसं काही येत नाही. त्यांना सोसत नाही तो आडवा धक्का.

पायाची रचना पाहिली की कारण कळतं. बॉक्सच्या तळाला स्क्रूने लावलेली बैठक, तिच्यात दाबून बसवलेली नळी आणि नळीच्या टोकाला आट्यांवर फिरणारा तळवा. बॉक्स फरशीवरून ओढला तर तळवा अडतो, नळी तरफेसारखं काम करते आणि बैठकीचे स्क्रू प्लायमधून उपटले जातात. म्हणून बॉक्स दोघांनी उचलूनच हलवायचा. घाई असली तरी. बैठकीची कड साइडच्या प्लायखाली यायला हवी, म्हणजे वजन साइडमधून थेट पायात उतरतं. तळाच्या १८ मिलिमीटर प्लायला १६ मिलिमीटरचे स्क्रू पुरतात. त्याहून लांब घेतले तर टोकं आत, डब्यांच्या जागी, वर येतात.

आता उंची. पाय वाढवता येतो, पण एका मर्यादेखाली कमी होत नाही. त्यामुळे सुरुवात फरशीच्या सर्वांत उंच जागेपासून. ती डोळ्यांना दिसत नाही, कारण स्वयंपाकघराची फरशी मोरीकडे किंवा जाळीकडे उतरती असू शकते. भिंतीवर एक समतल रेघ मारावी. लेसर नसेल तर गवंड्याची पाण्याची नळी त्याच्याइतकीच खरी असते, फक्त नळीत हवेचा बुडबुडा नको. रेघेपासून फरशीपर्यंत ठिकठिकाणी मोजावं. जिथे माप सर्वांत कमी, तिथे फरशी सर्वांत उंच. तिथला बॉक्स आधी ठरवायचा, बाकीचे त्याच्याशी जुळवायचे. उतार जास्त असेल तर तळवा शेवटच्या आट्यापर्यंत बाहेर काढू नये. लांब पाय आणावा. पायाखाली फरशीचे तुकडे सरकवणारे कारागीर मला मुळीच पसंत नाहीत.

तीन पायांची तिवई कुठेही डुलत नाही. चार पायांत मात्र एक अधांतरी राहू शकतो. तो शोधायची युक्ती सोपी आहे: प्रत्येक पाय हाताने फिरवून बघा. अलगद फिरला तर त्याच्यावर वजन नाही. पाणसळ लांबी आणि खोली दोन्ही दिशांना ठेवून, तो पाय टेकेपर्यंतच फिरवा. त्यापुढे फिरवला, तर शेजारचा पाय उचलला जातो आणि तोच खेळ पुन्हा.

खरी अडचण मागच्या पायांची. बॉक्स भिंतीला टेकला की तिथे हात पोचत नाही. अशा वेळी भिंतीवर समतल रेघेवरून माप उतरवून, बॉक्सच्या तळाच्या उंचीवर लाकडाची रीप प्लग मारून पक्की करतात. बॉक्सची मागची कड रीपेवर, पुढची दोन पायांवर. मागचे पाय लागतच नाहीत. भिंत भरीव आणि कोरडी असेल तर मला हीच पद्धत आवडते.

एवढं करूनही सुटा बॉक्स थोडा हलतोच, ते स्वाभाविक आहे. स्थैर्य येतं जोडणीतून. शेजारच्या दोन साइड क्लॅम्पने आवळायच्या, दर्शनी कडा एका रेषेत आणायच्या, मग स्क्रू मारायचे. सगळी रांग एकजीव झाली की अँगलने भिंतीला धरायची. भिंत वाकडी असेल तर फटीत पाचर घालायची. नुसता स्क्रू आवळला तर बॉक्स मागे ओढला जातो, पुढचे पाय तिरके होतात.

ग्रॅनाइट बसल्यावर प्रत्येक पाय पुन्हा एकदा फिरवून बघायचा. सिंकजवळचे तर नक्कीच: तिथे कापलेल्या भागापुढे आणि मागे दगडाची अरुंद पट्टी उरते आणि खालचा आधार हलला तर तडा आधी तिथेच जातो. स्कर्टिंगच्या क्लिपा त्यानंतर.