ट्रकचालकाची झोप

बडोद्यावरून जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्ग ४८ वर रात्री ढाब्यांपुढे ट्रकांची रांग लागते. बाळाला दाखवण्यास आलेल्या एका ट्रकचालक पित्यास मी विचारले, ‘‘रात्री थांबण्याची जागा कशी ठरवता?’’

‘‘डॉक्टरसाहेब, उजेड आणि ओळखीचा ढाबा बघतो. डिझेलची टाकी ढाब्याच्या बाजूस ठेवतो. अंधारात चोरी होते.’’

अर्थात, डिझेल सुरक्षित राहते, पण उजेडात व गोंगाटात झोप मोडते. मोटार परिवहन कामगार कायदा, १९६१ हा २०२५ पर्यंत सर्वसाधारणपणे दिवसाला ८ तासांच्या कामाची मर्यादा घालत असे. निवांत जागा मात्र चालकानेच शोधायची!

बालकांच्या झोपेची चौकशी आपण नित्य करतो. रस्त्यावरील बालकांचे प्राण ज्याच्या सावधपणावर अवलंबून, त्या पित्याच्या झोपेचीही करावी, ही वैद्यकबंधूंना नम्र विनंती.