स्मृतीची मर्यादा आणि शब्दगणना : ‘ओझर’ या नामाच्या निमित्ताने

मराठी ग्रंथातील शब्दांची वारंवारता संगणकाकडून मोजवून घ्यावयाची झाल्यास प्रत्येक शब्दास स्मृतीत किती जागा लागते, हा प्रश्न प्रथम उपस्थित होतो. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० साली पूर्ण झालेल्या ‘टिफ्रॅक’ यंत्राची स्मृती ४० बिटांच्या २,०४८ शब्दांची, म्हणजे अवघ्या १०,२४० बाइटांइतकी होती. (येथील ‘शब्द’ यंत्राचा, भाषेचा नव्हे.) पुढे महाराष्ट्रातील महाविद्यालयांत दीर्घकाळ शिकविला गेलेला ‘टर्बो सी’ हा कंपायलर डॉसच्या ६४० किलोबाइटांत वावरे, स्मृतीचे ६४ किलोबाइटांचे खंड पाडून कोणतीही एक सारणी तो एका खंडाबाहेर जाऊ देत नसे.

नाशिकजवळील ओझर हे १९६४ साली स्थापन झालेल्या विमान कारखान्यामुळे प्रसिद्ध आहे. येथे मात्र त्याच्या तीन अक्षरी नावाचाच विचार कर्तव्य आहे. १९९१ च्या इस्की संकेतप्रणालीत ‘ओझर’ तीन बाइटांत मावतो. युनिकोडच्या यूटीएफ-८ रूपात त्यास नऊ बाइट लागतात. साहजिकच एका खंडात इस्कीची ६५,५३६ चिन्हे मावतात, तर यूटीएफ-८ ची देवनागरी चिन्हे केवळ २१,८४५. प्रत्येक शब्दास सरसकट ३० बाइटांचा कप्पा दिला, तर खंडात २,१८४ शब्दच बसतात आणि ‘ओझर’च्या कप्प्यातील निम्म्याहून अधिक जागा रिकामी राहते. त्यापेक्षा शब्द एकापुढे एक, मध्ये शून्य घालून मांडावेत व प्रत्येकाचे आरंभस्थान दोन बाइटांत नोंदवावे. मग ‘ओझर’ला इस्कीत सहा व यूटीएफ-८ मध्ये बारा बाइट पुरतात.

जागा अपुरी पडून कार्यक्रम थांबला तर अभ्यासक सावध तरी होतो. खरा धोका निमूटपणे चुकणाऱ्या गणनेचा आहे. ६४ किलोबाइटांहून मोठी जागा मागून घेऊन ‘फार’ जातीचा पॉइंटर पुढे सरकवीत नेला, तर खंडाच्या अखेरीस तो पुन्हा त्याच खंडाच्या आरंभी येतो आणि आधी लिहिलेले शब्द मिटवू लागतो. सूचना मात्र कोणतीच मिळत नाही. अशा ठिकाणी ‘ह्यूज’ पॉइंटर योजावा. तो संथ असला तरी खंडाची सीमा बिनचूक ओलांडतो. गणकाचेही तसेच. साध्या ‘इंट’ची कमाल मर्यादा ३२,७६७ असल्याने ‘आहे’सारख्या शब्दाची वारंवारता त्यापुढे एकाने वाढताच उणे ३२,७६८ दिसते. उणे आकडा निदान डोळ्यांत भरतो. चिन्हरहित गणक ६५,५३५ नंतर शून्यावर येतो, तो सहसा कोणाच्या ध्यानातही येत नाही. म्हणून चार बाइटांचा ‘लाँग’च घेणे इष्ट.

एवढे करूनही शब्दसंग्रह स्मृतीत मावेनासा झाल्यास आद्याक्षरानुसार तो तबकडीवरील निरनिराळ्या फायलींत विभागावा आणि एकेका फायलीची गणना स्वतंत्रपणे करावी. कोशकारांच्या चिठ्ठ्यांची हीच जुनी रीत होय.

स्थलनामांच्या बाबतीत आणखी एक दक्षता अगत्याची आहे. जुन्नर तालुक्यातील, विघ्नहराचे ओझर निराळे. यंत्र या दोहोंची गणना एकत्रच करते. जिल्ह्याचा संकेतांक जोडल्यास हा घोटाळा टळतो, व त्यासाठी एक बाइट पुरेसा आहे. महाराष्ट्राचे जिल्हे अवघे ३६.