जीनोम माणसाचं नाव सांगत नाही

विषाणूचा जीनोम वाचला की कोणामुळे कोणाला लागण झाली ते उघड होतं, असा समज कोविडच्या काळात पक्का झाला. तसं होत नाही. पोथीची नक्कल करताना लेखनिकाने केलेली चूक पुढच्या नकलांत उतरते आणि त्यावरून अभ्यासक प्रतींची कुळं लावतात, विषाणूचंही तेच. पण कोविडच्या विषाणूच्या जीनोममधल्या सुमारे ३०,००० अक्षरांत महिन्याला सरासरी दोनच बदल टिकतात आणि लागण मात्र चार-पाच दिवसांत पुढे सरकते. त्यामुळे एकाच इमारतीतल्या चौघांचे जीनोम तंतोतंत सारखे निघू शकतात. विषाणू कोणी कोणाला दिला, की चाचणीच न झालेल्या पाचव्याने चौघांना दिला, हे त्यातून कळत नाही. उलट एकाच वॉर्डातल्या दोघांत पंधरा अक्षरांचा फरक निघाला, तर एकाकडून दुसऱ्याला लागण झालेली नाही हे जवळपास नक्की. या तंत्राची खरी ताकद अशा नकारात आहे.

विषाणूचा नवा प्रकार जिथे सापडला तिथेच जन्मला, हाही गैरसमज. नोव्हेंबर २०२१मध्ये दक्षिण आफ्रिकेने ओमिक्रॉनची खबर दिली आणि बक्षीस म्हणून प्रवासबंदी मिळवली. त्याआधीच, १९ नोव्हेंबरला नेदरलँड्समध्ये घेतलेल्या नमुन्यातही तो होता, हे मागाहून कळलं. आणि बदल जास्त म्हणजे विषाणू जास्त घातक, असंही नाही. बहुतेक बदल निरुपद्रवी असतात.

इबोलाची प्रत्येक साथ प्राण्यांतून नव्याने येते, असं मात्र तज्ज्ञही धरून चालले होते. फेब्रुवारी २०२१मध्ये पश्चिम आफ्रिकेतल्या गिनीत पुन्हा साथ जाहीर झाली. विषाणूचा जीनोम वाचला तेव्हा तो तिथल्याच २०१४-१६च्या साथीतल्या विषाणूशी विलक्षण जुळला. तेव्हापासून तो माणसांत सतत फिरत राहिला असता, तर सुमारे १९,००० अक्षरांत शंभराच्या आसपास बदल दिसायला हवे होते. दिसले जेमतेम डझनभर. म्हणजे बऱ्या झालेल्या कुणाच्या तरी शरीरात तो पाचेक वर्षं जवळपास निद्रिस्त होता. वीर्यात, डोळ्यांत इबोला दीर्घकाळ टिकतो हे आधी माहीत होतं. इतका टिकेल असं वाटलं नव्हतं.

तो माणूस कोण, हे जीनोमने सांगितलं नाही. पश्चिम आफ्रिकेत इबोलातून वाचलेले दहा हजारांहून अधिक लोक आहेत आणि असा उद्रेक अत्यंत विरळा. त्यांना गावाबाहेर ठेवण्याची नव्हे, वर्षानुवर्षं तपासणी आणि उपचार देण्याची गरज आहे.